रोप नराचे की मादीचे?



वसईच्या केळीवाल्या बागाईतदाराला एक प्रश्न कधी पडत नाही. त्याने मुनवा लावला की त्याला ठाऊक असते, याला घड येणारच. पानवेलीचेही तसेच. वेलीचा तुकडा बेणे म्हणून लावायचा, आणि त्याची पाने मूळ वेलीसारखीच निघायची. पानवेलीतही नर वेल आणि मादी वेल असा भेद आहे, हे आपल्यापैकी कित्येकांच्या गावीही नसेल. कारण साधे आहे. आपल्याला पान हवे असते, आणि पानाला त्या भेदाशी कर्तव्य नसते.

पण त्याच वाडीच्या कडेला पपईचे बी रुजत घातले, की लगेच तो प्रश्न उभा राहतो. चार बोटे उंचीची शंभर रोपे समोर आहेत. सारी सारखी हिरवी, सारखी टवटवीत. यांतली फळ देणारी कोणती आणि नुसतीच फुलून झडणारी कोणती? पपईला फूल दिसायला लावणीनंतर चार-सहा महिने लागतात. कोकमाच्या बियांपासून वाढवलेल्या झाडाला सात-आठ वर्षे लागतात, जायफळालाही जवळपास तितकीच. ताडाची गोष्ट तर विचारूच नका. बी लावणाऱ्या माणसाचा मुलगा कर्ता होतो, तेव्हा कुठे ताड तुरा काढतो आणि मग समजते की याला ताडगोळे लागणार, की हा केवळ ताडीच्याच उपयोगाचा. इतकी वर्षे पाणी, खत आणि जागा देऊन शेवटी निम्मी झाडे नर निघाली, तर त्या कष्टांची भरपाई कोणाकडे मागायची? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. रोप कोवळे असतानाच त्याच्या पानाच्या टिकलीएवढ्या तुकड्यावरून ते नर की मादी हे कसे सांगता येते, आणि त्या सांगण्याला मर्यादा कोणत्या, हे आपण पाहू.

प्रथम हे नर-मादीचे प्रकरण काय आहे ते समजून घेऊ. वनस्पतींनाही स्त्री-पुरुषभेद असतो, हे प्रयोगाने सिद्ध केले ते जर्मनीतील कामेरारियस नावाच्या विद्वानाने, १६९४ साली. बहुतेक वनस्पतींत एकाच फुलात दोन्ही अंगे नांदतात. जास्वंदीचे फूल हातात घ्या, पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच दांड्यावर दिसतील. नारळ, भोपळा यांत नरफुले वेगळी आणि मादीफुले वेगळी, पण झाड एकच. मात्र सपुष्प वनस्पतींच्या दर शंभर जातींपैकी पाच-सहा जाती अशा आहेत, की त्यांत नराचे झाड निराळे आणि मादीचे झाड निराळे. ताड, शिंदी, खजूर, जायफळ हे याच गोत्रातले. कोकमही बहुतांशी त्याच वाटेने जाते. कोकणातल्या आणि उत्तर कोकणच्या या पट्ट्यातल्या माणसाच्या किती जवळची ही झाडे आहेत, हे वेगळे सांगायला नको.

यांतली पपई मुळात आपल्याकडची नव्हे. ती अमेरिकेच्या उष्ण भागातली. स्पॅनिश आणि पोर्तुगीज गलबतांबरोबर ती सोळाव्या शतकात आशियात आली. ज्या पोर्तुगीजांनी १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर राज्य केले, त्यांच्याच दर्यावर्दी भाईबंदांची ही देणगी. आज ती इतकी आपली झाली आहे, की परसात पपई नाही असे घर खेड्यात सापडणे कठीण.

पपईची खुबी अशी, की तिच्यात दोन नव्हे, तीन प्रकारची झाडे असतात. नर झाडाला लांब लोंबत्या देठांवर बारीक फुलांचे झुबके येतात. मादी झाडाची फुले मोठी, खोडालगत, एकेकटी किंवा दोन-तीन मिळून, आणि त्यांचे फळ गोलसर. तिसरे झाड उभयलिंगी. त्याच्या फुलात पुंकेसरही असतात आणि अंडाशयही, आणि त्याचे फळ लांबट होते. पूर्वी आपल्याकडे मान्यता पावलेली ‘वॉशिंग्टन’ ही जात नर आणि मादी अशा दोन झाडांची. हल्ली महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर लावली जाणारी ‘तैवान ७८६’ ही मादी आणि उभयलिंगी अशा दोन झाडांची. तिच्यात वांझ नर निघत नाहीत हे खरे, पण पेटीत नीट बसणाऱ्या लांबट फळाला बाजारात मागणी अधिक, म्हणून तिथेही रोपाची निवड हा प्रश्न उरतोच.

या तीन प्रकारांचा हिशेब प्रथम उलगडला तो १९३८ साली, आणि तोही एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या दोघांनी: हवाईमध्ये स्टोरी यांनी आणि दक्षिण आफ्रिकेत हॉफमायर यांनी. त्यांचे म्हणणे आजच्या भाषेत असे मांडता येईल. पपईच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या नऊ जोड्या असतात. त्यांतील एका जोडीवर झाडाचे लिंग ठरते. त्या जोडीत दोन्ही गुणसूत्रे ‘एक्स’ असली तर झाड मादी. एक ‘एक्स’ आणि एक ‘वाय’ असले तर नर. एक ‘एक्स’ आणि ‘वाय’चाच थोडा निराळा भाऊ, ज्याला आपण ‘वाय-ह’ म्हणू, असा असला तर झाड उभयलिंगी. आणि ‘एक्स’ अजिबात नसलेले बीज जगतच नाही, ते बियातच मरते.

एवढे चार नियम ध्यानात ठेवले की बाकीचा हिशेब घरी बसून करता येतो. मादीवर नराचा पराग पडला, तर रोपे निम्मी नर, निम्मी मादी. मादीवर उभयलिंगी झाडाचा पराग पडला, तर निम्मी मादी, निम्मी उभयलिंगी. नर एकही नाही. उभयलिंगी झाडाने स्वतःचाच पराग घेतला, तर दर तीन जिवंत रोपांत दोन उभयलिंगी आणि एक मादी. म्हणजे बी कोणत्या फळातून घेतले आणि त्या फळाचा बाप कोण, हे माहीत असेल, तर शंभर रोपांत कोणती किती निघतील हे सांगता येते. पण समोरचे हे एक रोप त्यांतले कोणते, हे मात्र सांगता येत नाही. नाणे शंभर वेळा उडवले तर सुमारे पन्नास वेळा छापा पडेल हे ठाऊक असते. पुढच्या खेपेला काय पडेल हे ठाऊक नसते.

या अज्ञानावर शेतकऱ्याने आपल्या परीने तोड काढली. एका खड्ड्यात एक रोप न लावता तीन लावायची, फुले येईतो तिन्ही सांभाळायची, आणि मग नको ती उपटायची. नर-मादी जातीत तीनही रोपे नर निघण्याचा संभव आठांत एक. ‘तैवान’सारख्या जातीत उभयलिंगी आणि मादी निम्मीनिम्मी निघत असतील, तर तीनही मादी निघण्याचा संभवही आठांत एक, आणि बी उभयलिंगी झाडाच्या स्वपरागाचे असेल, तर तो सत्तावीसांत एक. युक्ती चांगली आहे, पण तिची किंमत मोजून पाहा. सहा फुटांच्या अंतराने पपई लावली तर एकरात साधारण बाराशे खड्डे बसतात. प्रत्येकी तीन म्हणजे छत्तीसशे रोपे. त्यांतली चोवीसशे उपटून टाकण्यासाठीच लावायची! त्यांचे बी विकत घ्यायचे, त्यांना पाणी द्यायचे, आणि राखायच्या रोपाची मुळे पहिले चार-सहा महिने दोन सोबत्यांशी भांडण्यात घालवायची. संकरित बी महाग असते, तेव्हा ही उधळपट्टी लहान बागाईतदाराच्या जिवावर येते.

मग रोपावरूनच ओळखण्याच्या खुणा लोकांनी शोधल्या. कोणी बियांच्या रंगावर गेले, कोणी मुळाच्या आकारावर, कोणी पानाच्या कातरलेपणावर. शास्त्रज्ञांनीही पानांच्या अर्कावर निरनिराळी रसायने घालून रंग बदलतो का हे पाहिले. पण या साऱ्या कसोट्यांत एक दोष आहे. रोपाचा रंग, रस, बांधा हे सारे पाणी, ऊन, खत आणि वय यांवर बदलते. लिंग ज्या ठिकाणी लिहिलेले आहे ती मूळ वहीच वाचता आली, तर भोवतालच्या गोष्टींचा अडथळा येणार नाही. ती वही म्हणजे डी.एन.ए.

डी.एन.ए. म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेला अतिशय लांब मजकूर. ए, टी, जी आणि सी ही ती चार अक्षरे. बीतून रोप, रोपातून झाड झाले तरी हा मजकूर तोच राहतो. मुळात, पानात, सालीत सर्वत्र त्याची नक्कल असते. फूल येण्याची वाट पाहण्याचे कारण उरत नाही, ते यामुळेच. पपईचा बहुतेक सगळा मजकूर २००८ साली वाचून प्रसिद्ध झाला. त्याआधीच, २००४ साली, असे दिसून आले होते की पपईच्या ‘वाय’वर एक विशिष्ट पट्टा आहे, जो ‘एक्स’शी देवाणघेवाण करीत नाही. पुढे २०१२ साली त्याची मोजदाद झाली. उभयलिंगी ‘वाय-ह’वर हा पट्टा सुमारे ८१ लाख अक्षरांचा, तर ‘एक्स’वरचा त्याच्या जोडीचा भाग सुमारे ३५ लाख अक्षरांचा. म्हणजे नर आणि उभयलिंगी झाडांत असा बराच मजकूर आहे, जो मादीत मुळीच नाही. त्यातले एखादे वाक्य ओळखीची खूण म्हणून निवडले, आणि रोपात ते आहे की नाही एवढे पाहिले, की काम झाले.

अशा खुणेचा शोध घेण्यात महाराष्ट्राचा वाटा आहे, हे आपण अभिमानाने सांगितले पाहिजे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अंजली पारसनीस, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली पपईतील लिंगभेद डी.एन.ए.वरून ओळखता येतो हे दाखवले. त्यांनी वापरलेली खूण होती ‘जी-ए-टी-ए’ या चार अक्षरांचे पुनःपुन्हा येणारे आवर्तन. पुढच्याच वर्षी, २००० साली, त्यांनी पपईच्या पुष्कळ रोपांची एकदम तपासणी करता येईल अशी चाचणीही प्रसिद्ध केली.

या ‘जी-ए-टी-ए’ची पूर्वपीठिका मोठी मौजेची आहे. डॉ. लालजी सिंह हे भारतीय शास्त्रज्ञ सापांच्या गुणसूत्रांचा अभ्यास करीत होते. सापांत आपल्या उलट प्रकार असतो; विषम जोडी मादीकडे असते. पट्टेरी मण्यार या विषारी सापाच्या मादीच्या लिंगगुणसूत्रात त्यांना हे आवर्तन विपुल आढळले. मण्यारीचे आणि पपईचे नाते काय, असे कोणी विचारील. तसे नाते काही नाही. पण गुणसूत्राचा जो भाग आपल्या जोडीदाराशी देवाणघेवाण थांबवतो, त्यात अशी एकसुरी आवर्तने साठत जाण्याची प्रवृत्ती असते. वापरात नसलेल्या खोलीत अडगळ साठते, तसेच हे. अडगळ कुठे आहे हे कळले, की खोली कोणती तेही कळते.

आता चाचणी प्रत्यक्ष कशी चालते ते पाहू. रोपाच्या पानाचा छोटा तुकडा घेतात, तो खलून त्यातले डी.एन.ए. वेगळे काढतात. पण इतक्या अफाट मजकुरात एक वाक्य शोधणे म्हणजे गंजीत सुई शोधणे. येथे पी.सी.आर. नावाची युक्ती कामी येते. २०२० सालच्या साथीत हे नाव आपल्या घराघरांत पोचले. कॅरी म्युलिस या अमेरिकन रसायनज्ञाला ती १९८३ साली सुचली आणि १९९३ साली त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. हव्या त्या वाक्याच्या दोन्ही टोकांना बरोबर चिकटतील असे डी.एन.ए.चे दोन लहान तुकडे बनवायचे. मिश्रण तापवले की डी.एन.ए.चे दोन पदर सुटतात. थंड केले की ते तुकडे आपापल्या जागी चिकटतात. पुन्हा थोडे ऊबदार केले की एक विकर मधला मजकूर भरून काढते, आणि एका वाक्याची दोन वाक्ये होतात. पुढच्या फेरीत दोनाची चार, चाराची आठ. तीस फेऱ्यांत एकाची संख्या १०७ कोटींवर जाते. उकळीच्या जवळ जाऊनही न बिघडणारे ते विकर मिळाले उन्हाळ्याच्या पाण्यात राहणाऱ्या एका जंतूपासून. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीला जशी ऊन पाण्याची कुंडे आहेत, तशाच अमेरिकेतील यलोस्टोनच्या झऱ्यांत तो प्रथम सापडला.

शेवटी हे मिश्रण चायना ग्रासच्या वडीसारख्या थरात घालून त्यातून वीज सोडतात. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात, आणि रंग दिला की पट्टे दिसतात. खुणेचा पट्टा दिसला तर रोप नर किंवा उभयलिंगी. दिसला नाही तर मादी.

परंतु थांबा. पट्टा दिसला नाही याचे दुसरेही एक कारण असू शकते: चाचणीच फसली असेल. डी.एन.ए. नीट निघाले नसेल, पपईच्या चिकाने विकर बिघडवले असेल. आणि मग प्रत्येक फसलेली चाचणी ‘मादी’ म्हणून खपेल! म्हणून शहाणी प्रयोगशाळा एकाच नळीत दोन वाक्ये शोधते. एक नराच्या खुणेचे, दुसरे सर्व पपयांत असणारे. दुसरा पट्टा दिसला आणि पहिला दिसला नाही, तरच रोप मादी. दोन्ही दिसले नाहीत, तर चाचणी पुन्हा. कोणी विक्रेता आपल्याला ‘तपासलेली रोपे’ देऊ लागला, तर हा दुसरा पट्टा पाहिला होता काय, एवढे विचारायला विसरू नका.

आता मर्यादा सांगतो. पहिली ही, की खूण त्या त्या झाडापुरती असते. पपईची खूण जायफळाला लावून चालत नाही. नव्या झाडासाठी फुललेल्या नरांची आणि माद्यांची पाने गोळा करून दोहोंतला कायमचा फरक पुन्हा शोधावा लागतो, आणि तो अनेक गावांच्या झाडांवर पडताळावा लागतो. ताडासारख्या झाडांवरही असे शोध भारतात झाले आहेत. पण वाचनालयात ठेवलेला निबंध आणि रोपवाटिकेत चालणारी चाचणी यांत अंतर असते.

दुसरी मर्यादा निसर्गाची. डी.एन.ए. झाडाचा कल सांगते, सारे भविष्य सांगत नाही. कडक उन्हाळ्यात उभयलिंगी पपईच्या फुलांतला अंडाशय खुरटतो आणि ते झाड काही काळ नरासारखे वागते. उलट एखाद्या नराच्या लांब देठाला क्वचित लहानसे फळ लागते. शेंडा मोडला म्हणून किंवा खिळा ठोकला म्हणून नराची मादी झाली, असे सांगितले जाते, त्यामागे बहुधा हाच आपोआप होणारा बदल असतो. ‘वाय’ जागचा हललेला नसतो.

तिसरी गोष्ट खर्चाची, आणि तिचे उत्तर प्रत्येक झाडाला वेगळे आहे. कोकम आणि जायफळ यांवर कलम होते. ज्या मादीचे फळ आपण डोळ्यांनी पाहिले तिचीच फांदी रोपावर बांधली, की लिंगाचा प्रश्न मुळातच मिटतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ साली प्रसारित केलेली ‘कोकण अमृता’ ही कोकमाची जात अशा कलमांनीच वाढवतात. तिथे प्रयोगशाळेपेक्षा चाकू आणि पट्टी स्वस्त. पपई मात्र बहुधा बियांपासूनच लावतात, आणि रोगांमुळे बाग वारंवार नव्याने उभी करावी लागते. म्हणून चाचणीचे खरे क्षेत्र पपई. तिथेही प्रत्येक शेतकऱ्याने प्रयोगशाळा गाठावी असे नाही. रोपवाटिकेने किंवा सहकारी संस्थेने रोपे एकदम तपासून चिठ्ठी लावून द्यावी, हा मार्ग व्यवहार्य आहे. एकाच तापमानावर चालणारी, मोठे यंत्र न लागणारी पद्धत २००० साली जपानमध्ये निघाली आणि ती पपईवरही वापरून पाहिली गेली आहे. तिच्यामुळे खर्चाची बाजू हलकी होण्यासारखी आहे.

आणि नर सगळेच काढून टाकायचे नसतात हेही लक्षात ठेवा. नर-मादी जातीच्या बागेत दर दहा झाडांत एक नर पराग देण्यासाठी लागतो. चाचणीचा उपयोग असा, की बाराशे खड्ड्यांपैकी एकशेवीस ठिकाणी नर आणि बाकी ठिकाणी मादी, हे आपण ठरवून, बागेत सारख्या अंतरावर लावू शकतो.

शेवटी एक गोष्ट बोलल्याशिवाय हा विषय संपवणे योग्य होणार नाही. ‘लिंगनिदान’ हा शब्द आपल्या राज्यात निरागस राहिलेला नाही. गर्भाचे लिंग पाहून मुलगी नाकारली जाऊ लागली, तेव्हा महाराष्ट्राने १९८८ साली त्याविरुद्ध कायदा केला, आणि १९९४ साली तो देशभर झाला. विद्या तीच, गुणसूत्रेही तशीच एक्स आणि वाय. पपईच्या वाडीत आपण फळासाठी रोप निवडतो, तसे निवडायचा अधिकार माणसाला माणसाच्या बाबतीत नाही. मौज अशी, की वाडीत मादीच मोलाची, तिच्याचसाठी सारी खटपट. आणि घरात मात्र तिलाच नको म्हणणारे हात होते, आजही आहेत. ज्ञान कोणत्या दारातून आत घ्यायचे आणि कोणत्या दाराशी अडवायचे, हे प्रयोगशाळा सांगत नाही. ते समाजाने ठरवायचे असते, आणि त्यासाठीच अशा व्याख्यानमाला असतात.

वसईत वाड्या कमी होत आहेत, बावखले बुजत आहेत, आणि उरलेल्या गुंठ्यांचे मोल वाढले आहे. जिथे जागा भरपूर होती तिथे निम्मी झाडे नर निघाली तरी चालत असे. आता एकेक खड्डा हिशेबाने भरावा लागणार. त्यासाठी पुढच्या वेळी पपईची रोपे घ्याल, तेव्हा रोपवाटिकावाल्याला तीन प्रश्न विचारा: बी कोणत्या झाडाचे, त्या फळाचा पराग कुठला, आणि रोपे तपासली असतील तर ती कशी तपासली. विचारणारे वाढले, म्हणजे उत्तर देणारे तयार होतात.